पत्र कोणाचे? : सॅलिंजर, जी. ए. आणि लेखकाच्या खाजगी कागदांचा प्रश्न

१

साहित्याच्या इतिहासकाराला लेखकाच्या छापील ग्रंथांखेरीज जी साधने लागतात, त्यांत त्याचा खाजगी पत्रव्यवहार सर्वांत मोलाचा आणि सर्वांत अडचणीचाही असतो. मोलाचा अशासाठी की, एखादी कृती कोणत्या वाचनातून, कोणत्या शंकेतून, कोणत्या संपादकाच्या आग्रहातून घडली, याची दिनांकासह नोंद बहुधा पत्रांतच सापडते. अडचणीचा अशासाठी की, हे साधन लेखकाच्या स्वतःच्या घरी नसते. लेखकाच्या पेटीत सापडतात ती त्याला आलेली पत्रे. त्याने लिहिलेली पत्रे इतरांच्या पेट्यांत, इतर गावी, आणि कित्येकदा इतर देशांत विखुरलेली असतात. नक्कल ठेवून पत्रे लिहिणारे लेखक थोडेच. म्हणून कोणत्याही एका घरी गेलेल्या अभ्यासकाच्या हाती संभाषणाची एकच बाजू लागते.

या विखुरलेपणाला आणखी एक अंग आहे. पत्र टपालात पडले की कागद ज्याला पाठवला त्याच्या मालकीचा होतो. मजकुरावरील प्रताधिकार मात्र लिहिणाऱ्याकडेच राहतो. इंग्लंड, अमेरिका आणि भारत या तिन्ही देशांच्या कायद्यांत हे तत्त्व मान्य आहे. कागद एकाचा आणि शब्द दुसऱ्याचे, अशी ही दुहेरी मालकी आहे. अभ्यासक या दोघांच्या मध्ये तिसरा म्हणून उभा राहतो, आणि त्याचा हक्क कोणता, हे सहसा कोणी विचारीत नाही.

प्रस्तुत लेखात हा प्रश्न दोन एकांतप्रिय लेखकांच्या संदर्भात तपासून पाहावयाचा आहे. एक अमेरिकन कादंबरीकार जे. डी. सॅलिंजर, आणि दुसरे धारवाडचे जी. ए. कुलकर्णी. एक कादंबरीकार आणि दुसरे प्रामुख्याने कथाकार, हा भेद उघड आहे. परंतु येथील तुलना वाङ्मयप्रकारांची नसून कागदांच्या भवितव्याची आहे. दोघांनीही वाचकांपासून स्वतःला दूर ठेवले, आणि दोघांचीही पत्रे अखेर वाचकांसमोर आली. ती ज्या वाटांनी आली, त्या वाटा मात्र अगदी भिन्न आहेत.

२

सॅलिंजर (१९१९–२०१०) यांची 'द कॅचर इन द राय' ही एकमेव कादंबरी १९५१ मध्ये प्रसिद्ध झाली. १९५३ पासून ते न्यू हॅम्पशायर राज्यातील कॉर्निश या लहान गावी राहू लागले, आणि जून १९६५ मध्ये 'न्यूयॉर्कर' साप्ताहिकात आलेल्या कथेनंतर त्यांनी हयातीत नवे काही छापू दिले नाही. अशा लेखकाचे चरित्र लिहिण्याचे काम इयान हॅमिल्टन या इंग्रज कवी-समीक्षकाने अंगावर घेतले. रॉबर्ट लोवेल या कवीचे चरित्र त्याने यापूर्वीच लिहिले होते. सॅलिंजर यांनी सहकार्य नाकारले. तेव्हा हॅमिल्टनने प्रिन्स्टन, हार्वर्ड आणि टेक्सस येथील विद्यापीठांच्या ग्रंथालयांकडे आपला मोर्चा वळवला. सॅलिंजर यांनी संपादकांना, प्रकाशकांना आणि स्नेह्यांना पाठवलेली पत्रे तेथे जमा होती. 'स्टोरी' मासिकाचे संपादक व्हिट बर्नेट यांना लिहिलेली तरुणपणची पत्रे त्यांत होती. ज्यांना ती आली होती, त्यांनी अगर त्यांच्या वारसांनी ती रीतसर ग्रंथालयांकडे दिली होती. चोरीचा अगर फसवणुकीचा येथे काही प्रश्नच नव्हता.

चरित्राची मुद्रिते १९८६ मध्ये सॅलिंजर यांच्या हाती पडली. त्यांनी आपल्या ७९ अप्रकाशित पत्रांची प्रताधिकार कार्यालयात नोंदणी केली आणि हरकत घेतली. हॅमिल्टनने बरीच अवतरणे गाळली आणि त्यांच्या जागी आपल्या शब्दांत सारांश घातला. तेवढ्याने समाधान न झाल्याने सॅलिंजर न्यायालयात गेले. कनिष्ठ न्यायालयाने चरित्रकाराच्या बाजूने कौल दिला. परंतु जानेवारी १९८७ मध्ये अपील न्यायालयाने तो फिरवला. अप्रकाशित मजकूर प्रथम केव्हा व कसा प्रसिद्ध व्हावा हे ठरविण्याचा अधिकार लेखकाचा आहे, आणि मूळ शब्दकळेला चिकटून केलेला सारांशही त्या अधिकाराचा भंग करतो, असा या निकालाचा आशय होता. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकण्यास नकार दिला. हॅमिल्टनला पुस्तक नव्याने लिहावे लागले. १९८८ मध्ये ते प्रसिद्ध झाले, तेव्हा त्याचा विषय सॅलिंजर यांच्या चरित्राइतकाच त्या चरित्राच्या शोधाचाही झाला होता.

या प्रकरणातील विसंगती ध्यानात घेण्याजोगी आहे. पत्रे गुप्त राहावीत म्हणून सॅलिंजर यांनी त्यांची नोंदणी केली. परंतु नोंदणीसाठी प्रती जमा कराव्या लागतात, आणि जमा झालेल्या प्रती पाहण्याचा अधिकार जनतेला असतो. निकालपत्राच्या निमित्ताने काही मजकूर वृत्तपत्रांतही आला. पुढे १९९२ मध्ये अमेरिकन काँग्रेसने कायद्यात दुरुस्ती केली, आणि मजकूर अप्रकाशित आहे एवढ्याच कारणाने त्याचा रास्त वापर नाकारता येणार नाही, असे स्पष्ट केले. म्हणजे कायद्यालाही या प्रश्नाचे उत्तर एका फटक्यात देता आले नाही.

बाजाराने दिलेले उत्तर आणखी निराळे. १९९९ च्या जूनमध्ये जॉइस मेनार्ड या लेखिकेने सॅलिंजर यांची स्वतःला आलेली पत्रे न्यूयॉर्कमध्ये लिलावात विकली. कागद तिचा असल्याने विकण्याचा हक्कही तिचाच होता. पीटर नॉर्टन या उद्योजकाने ती १,५६,५०० डॉलरला घेतली, आणि सॅलिंजर यांची इच्छा असल्यास ती परत करण्याची तयारी दाखवली. याउलट, मायकेल मिचेल या चित्रकार स्नेह्याला लिहिलेली पत्रे न्यूयॉर्कच्या मॉर्गन ग्रंथालयाकडे १९९८ मध्ये आली होती. लेखक जिवंत असेपर्यंत ग्रंथालयाने ती लोकांसमोर मांडली नाहीत. त्यांच्या निधनानंतर, २०१० मध्ये, त्यांचे प्रदर्शन भरवले. न्यायालयात भांडून जे मिळवावे लागले, ते या संस्थेने आपण होऊन पाळले. प्रस्तुत लेखकाच्या मते सबंध प्रकरणातील सर्वांत अनुकरणीय वर्तन हेच होय.

३

सॅलिंजर यांच्या पत्रांचा वाद न्यायालयात संपला, त्याच वर्षी, ११ डिसेंबर १९८७ रोजी, जी. ए. कुलकर्णी पुण्यात निवर्तले. धारवाडच्या महाविद्यालयात इंग्रजीचे अध्यापन करीत त्यांनी आयुष्याचा मोठा काळ घालवला. सभा, सत्कार, मुलाखती यांपासून ते कटाक्षाने दूर राहिले. 'काजळमाया' या संग्रहाला १९७३ चा साहित्य अकादेमी पुरस्कार मिळाला. परंतु पुस्तकाच्या प्रकाशनवर्षाविषयी वाद उद्भवताच त्यांनी तो परत केला. महाराष्ट्राच्या वाङ्मयीन राजधान्यांपासून दूर, कन्नड मुलखात राहणारा, काळ्या चष्म्याआडचा हा लेखक मराठी वाचकाच्या मनात एका आख्यायिकेसारखा वावरत होता.

या आख्यायिकेला पहिला धक्का बसला तो त्यांच्या पत्रांनी. 'जी.एं.ची निवडक पत्रे' या नावाने मौज प्रकाशनाने त्यांच्या पत्रव्यवहाराचे चार खंड काढले. १९९५ मध्ये आलेल्या पहिल्या खंडात सुनीता देशपांडे यांना लिहिलेली पत्रे आहेत. पुढील खंडांत इतर स्नेही, लेखक व संपादक यांना लिहिलेली. संपादनात म. द. हातकणंगलेकर यांच्यासारख्या जुन्या स्नेह्यांचा सहभाग होता. या खंडांवरून जी वस्तुस्थिती समोर आली ती अशी : ज्याला आपण मराठीतला सर्वांत एकाकी लेखक समजत होतो, तो टपालाने विलक्षण माणूसवेडा होता. भेटणे तो टाळी. लिहिणे टाळीत नसे. वाचलेली पुस्तके, पाहिलेली चित्रे, थट्टा, रुसवे, घरगुती तपशील या साऱ्यांना त्या पत्रांत मोकळी वाट आहे. एकांत हा त्याच्या स्वभावाचा एक भाग होता. उरलेला भाग पोस्टाच्या पाकिटातून बाहेर जात होता.

आता पत्र मिळणाऱ्याच्या बाजूकडे वळू. सुनीताबाईंनी जी.एं.ना लिहिलेली पत्रे 'प्रिय जी.ए.' या नावाने २००३ मध्ये स्वतंत्र पुस्तकरूपाने आली. म्हणजे एकाच संभाषणाचे दोन अर्धे आठ वर्षांच्या अंतराने, दोन निरनिराळ्या पुस्तकांत वाचकाला मिळाले. १९९५ ते २००३ या काळात ज्यांनी पहिला खंड वाचला, त्यांनी जी.एं.ची पत्रे जणू स्वगते म्हणून वाचली, आणि त्यांवरील चर्चेलाही तोच सूर राहणे साहजिक होते. दोन्ही पुस्तके शेजारी ठेवून, दिनांकांच्या क्रमाने वाचली म्हणजे चित्र बदलते. जे विधान स्वतःविषयीच्या चिंतनासारखे वाटत होते, ते पुढच्या व्यक्तीच्या प्रश्नाचे उत्तर असू शकते. जो तीव्र अभिप्राय लेखकाचा ठाम सिद्धान्त वाटत होता, तो वादाच्या भरात घेतलेली एक बाजू असू शकते. पत्रातील वाक्य उद्धृत करून त्यावरून लेखकाचे जीवनदर्शन सिद्ध करण्याची आपल्या समीक्षेतील सवय किती धोक्याची आहे, हे या एका उदाहरणावरून ध्यानात यावे. पत्र ही संवादातील एक पाळी असते. समोरची पाळी हरवली असेल, तर निदान ती हरवली आहे याची जाणीव ठेवून विधान करावे.

शीर्षकातील 'निवडक' या शब्दाकडेही लक्ष वेधले पाहिजे. निवड म्हटली की वगळणे आलेच, आणि हयात व्यक्तींचा उल्लेख असलेल्या पत्रांत वगळणे हे संपादकाचे कर्तव्यही ठरते. स्नेह्यांनी हे काम प्रेमाने आणि जबाबदारीने केले, म्हणून मराठीला हा ऐवज मिळाला. त्यांच्याविषयी कृतज्ञताच व्यक्त केली पाहिजे. परंतु पुढील पिढीच्या अभ्यासकाला किती पत्रे होती, किती घेतली, कोणता मजकूर कोणाच्या इच्छेने राहून गेला, हे प्रश्न पडणारच. त्यांची उत्तरे छापील खंडातून मिळू शकत नाहीत. ती मूळ कागदांतूनच मिळतात.

तौलनिक अभ्यासकाला याची निकड विशेष जाणवते. कॉनरॅड रिक्टर (१८९०–१९६८) या अमेरिकन कादंबरीकाराच्या पाच पुस्तकांचे जी.एं.नी मराठीत अनुवाद केले : 'रान', 'शिवार', 'गाव', 'रानातील प्रकाश' आणि 'स्वातंत्र्य आले घरा'. यांपैकी पहिली तीन ही ओहायोच्या जंगलात वस्ती करणाऱ्या कुटुंबाची कादंबरीत्रयी. तिच्यातील 'द टाउन' या शेवटच्या भागाला १९५१ चे पुलित्झर पारितोषिक मिळाले होते. रिक्टरचे प्रकाशक आल्फ्रेड नॉफ यांच्या संस्थेचे सारे दप्तर टेक्सस विद्यापीठाच्या हॅरी रॅन्सम केंद्रात आहे. तेथे जाणाऱ्यास मूळ कादंबऱ्या कशा घडल्या व छापल्या गेल्या याची कागदोपत्री वाट सापडते. त्याच कादंबऱ्या मराठी कशा झाल्या, रानातल्या त्या इंग्रजीला कोणती मराठी योजावी याविषयी अनुवादकाने कोणाशी काय बोलणे केले, याचा शोध घेणाऱ्यास मात्र एकाही वाचनालयाचा पत्ता देता येत नाही. त्याला कोणाकोणाच्या घरचे दरवाजे ठोठवावे लागतात. मूळ कृतीला दप्तर आहे, अनुवादाला नाही. भारतीय साहित्यांतील देवाणघेवाणीचा इतिहास लिहू पाहणाऱ्यांची ही नित्याची अडचण आहे.

४

आपल्याकडे कागद जपण्याची परंपराच नाही, असे म्हणण्याची प्रथा पडली आहे. मराठीपुरते तरी ते खरे नाही. वि. का. राजवाडे यांनी गावोगाव हिंडून जुन्या घराण्यांच्या माळ्यांवरची दप्तरे उतरवली. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला, पानिपतच्या काळातील पत्रांचा खंड १८९८ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि पुढे ही माला बावीस खंडांपर्यंत गेली. १९१० मध्ये पुण्यात स्थापन झालेले भारत इतिहास संशोधक मंडळ याच ध्यासाचे फळ होय. राजवाड्यांनी छापलेले कागद तरी काय होते? बहुतांशी पत्रेच, आणि तीही ज्यांना आली त्यांच्या घरी टिकलेली. राजकीय पत्राविषयी जी दृष्टी मराठी माणसाने एवढ्या लवकर कमावली, ती वाङ्मयीन पत्राविषयी मात्र त्याने वापरली नाही. सरदाराचे पत्र साधन ठरले. कथाकाराचे पत्र घरगुती आठवण राहिले.

हिंदीतील उदाहरण दिल्लीतील वाचकाला परिचित असेल. प्रेमचंदांची पत्रे 'चिट्ठी-पत्री' या नावाने १९६२ मध्ये दोन भागांत आली. ती गोळा करण्याचे श्रेय त्यांचे पुत्र अमृतराय आणि चरित्रकार मदन गोपाल यांचे. कानपूरच्या 'जमाना' या उर्दू मासिकाचे संपादक दयानारायण निगम यांना लिहिलेली पत्रे हा त्यांतील मोठा ऐवज. 'सोजे वतन' सरकारने जप्त केल्यानंतर धनपतराय यांनी जे नवे टोपणनाव घेतले, ते निगम यांनीच सुचवलेले होते. लेखकाचे नावच ज्या मैत्रीतून आले, त्या मैत्रीचे कागद मित्राच्या घरी टिकले नसते, तर प्रेमचंदांच्या उर्दू पर्वाचा इतिहास बराचसा अंधारात राहिला असता. पुढे २००४ मध्ये जामिया मिल्लिया इस्लामिया विद्यापीठात प्रेमचंदांच्या नावाने अभिलेखागार उभे राहिले. 'कफन' ही कथा प्रथम 'जामिया' या उर्दू नियतकालिकात १९३५ मध्ये आली होती, हे ध्यानात घेता ही जागा उचितच म्हणावी लागेल. तथापि लेखकाचे निधन १९३६ मधील. मधे जवळजवळ सात दशके गेली.

विखुरलेली पत्रे एकत्र आणण्याचा सर्वांत मोठा भारतीय प्रयोगही दिल्लीच्याच प्रकाशन विभागाचा आहे. महात्मा गांधींच्या समग्र वाङ्मयाचे इंग्रजीतील शंभर खंड १९५८ ते १९९४ या काळात निघाले. त्यांतील फार मोठा भाग पत्रांचा. देशोदेशीच्या पत्रधारकांकडून मूळ पत्रे अगर त्यांच्या छायाप्रती मिळवून हे काम सिद्धीस नेले गेले. गांधीजींच्या बाबतीत शासन पाठीशी होते, आणि प्रत्येक लेखकाच्या वाट्याला ते येणार नाही, हे मान्य. परंतु कार्यपद्धती मात्र कोणालाही घेता येण्याजोगी आहे : कागद मालकाकडेच राहो, प्रत संस्थेकडे येवो.

५

येथे भारतीय कायद्याची स्थिती थोडक्यात सांगणे अवश्य आहे. १९५७ च्या प्रताधिकार अधिनियमाप्रमाणे लेखकाच्या निधनानंतर त्याच्या वाङ्मयावरील अधिकार, १९९२ च्या दुरुस्तीपासून, साठ वर्षे टिकतो. परंतु हयातीत अप्रकाशित राहिलेला मजकूर निधनानंतर छापला गेला, तर ही साठ वर्षे प्रकाशनाच्या पुढील वर्षारंभापासून मोजली जातात. म्हणजे १९९५ मध्ये प्रथम छापलेल्या मरणोत्तर पत्रसंग्रहावरील अधिकार २०५५ च्या अखेरीपर्यंत चालेल. सार्वजनिक ग्रंथालयात ठेवलेल्या अप्रकाशित कागदांची संशोधनासाठी अगर प्रकाशनाच्या हेतूने नक्कल करण्याची मुभा कायद्यात आहे. पण लेखक कोण हे ठाऊक असल्यास ती त्याच्या निधनानंतर साठ वर्षे उलटल्यावरच. या मुदतीत वाचण्यास मात्र कायदा आड येत नाही. अभ्यासकाने तेथे जाऊन वाचावे, टिपणे घ्यावीत, वस्तुस्थिती जाणून घ्यावी. वस्तुस्थितीवर कोणाचा प्रताधिकार नसतो. मात्र वाचण्यासाठी कागद कोठेतरी असावे लागतात. खरा अडथळा तो आहे.

या सर्व विवेचनावरून पुढील मुद्दे मांडावेसे वाटतात. पहिला, जतन आणि प्रकाशन या दोन स्वतंत्र क्रिया मानल्या पाहिजेत. आपल्याकडे पत्रे एक तर छापली जातात अगर नाहीशी होतात. न छापता जपणे ही मधली वाट आपण रुळवली नाही. दुसरा, पत्रे देणाऱ्यास मुदतीची मोहोर लावण्याचा हक्क असावा. वीस वर्षे अगर उल्लेखिलेल्या व्यक्तींच्या हयातीपर्यंत पाकीट उघडू नये, अशी अट संस्थेने लेखी स्वीकारावी आणि पाळावी. मॉर्गन ग्रंथालयाचे उदाहरण वर आलेच आहे. तिसरा, निवडक पत्रांच्या संपादकाने एकूण पत्रसंख्या आणि वगळण्याची तत्त्वे प्रस्तावनेत नोंदवावीत, आणि मजकूर गाळला तेथे खूण ठेवावी. चौथा, शक्य तेथे दोन्ही बाजू एकत्र आणाव्यात, निदान दिनांकांची संयुक्त सूची द्यावी. पाचवा मुद्दा उद्याचा आहे. आजच्या लेखकाचा पत्रव्यवहार संगणकात आणि दूरध्वनीत असतो. सलमान रश्दी यांचे कागद अमेरिकेतील एमरी विद्यापीठाने २००६ मध्ये घेतले, तेव्हा त्यांत त्यांचे जुने संगणकही होते. २०१० पासून अभ्यासकांना तो संग्रह पाहता येऊ लागला. कागद पन्नास वर्षे माळ्यावर तग धरतो. संकेतशब्द विसरला गेलेली पत्रपेटी लेखकाबरोबरच बंद होते.

लेखकाने एकांत मागितला असता त्याची पत्रे आपण वाचावीत काय, हा आक्षेप उरतोच, आणि तो हलका नाही. सॅलिंजर यांच्या बाजूने उभे राहिलेले सारेच काही ज्ञानाचे शत्रू नव्हते. परंतु एकांताचा हक्क काळाने क्षीण होत जातो, आणि नष्ट झालेला कागद मात्र कोणत्याही काळी परत येत नाही. म्हणून थांबणे न्याय्य आहे. जाळणे अगर विकून टाकणे नाही. सॅलिंजर यांच्याच बाबतीत, त्यांच्या निधनानंतर नऊ वर्षांनी, न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात त्यांच्या कुटुंबीयांच्या सहकार्याने हस्तलिखिते व पत्रे यांचे प्रदर्शन भरले. ज्या गोष्टीसाठी एका चरित्रकाराला न्यायालयात हरावे लागले होते, ती वेळ येताच कुटुंबाने आपण होऊन घडवून आणली.

६

अखेरीस एक अनुभव नोंदवतो. दिल्लीत अभ्यागत म्हणून आल्यावर येथील एका जुन्या मराठी कुटुंबाकडे जाण्याचा योग आला. घरातील दिवंगत गृहस्थ साहित्याचे निष्ठावंत वाचक होते, आणि अनेक मराठी लेखकांशी त्यांचा वर्षानुवर्षे पत्रव्यवहार होता, असे ऐकून होतो. त्या पत्रांविषयी विचारताच त्यांच्या सूनबाई संकोचल्या. घर बदलताना एक लोखंडी ट्रंक रद्दीवाल्याला दिली गेली होती. अक्षर कोणाला लागत नव्हते, आणि विचारावे तरी कोणाला, हे ठाऊक नव्हते. त्यांचा त्यात काही दोष नाही. हे कागद घ्या असे सांगायला त्यांच्याकडे कोणी गेलेच नव्हते. आम्हीही गेलो नव्हतो.

पोस्टकार्डे आणि आंतर्देशीय पत्रे लिहिणारी पिढी गेली. ती ज्यांना आली, त्यांची पिढी आता उतरणीला लागली आहे. राजवाड्यांनी दीडशे वर्षांपूर्वीच्या पत्रांसाठी गावोगाव पायपीट केली. आपल्याला हवी असलेली पत्रे पन्नास वर्षांपूर्वीची आहेत, आणि ती ज्या घरांत आहेत त्या घरांचे पत्ते छापील खंडांच्या अनुक्रमणिकांतून सहज काढता येतात. भारतीय भाषांच्या प्रत्येक विभागाने आपापल्या भाषेपुरती अशी यादी तयार करण्यापासून आरंभ केला, तरी पुढील अभ्यासकाच्या हाती संभाषणाची दुसरी बाजू लागण्याची आशा राहील.